थोरल्यांचा कोपरा

दिवाळीनंतरच्या आठ दिवसांत आमच्या वाडीतल्या प्रत्येकाचा उजवा तळवा तांबडा असायचा. पालमच्या शाळेत पोरी विचारायच्या, मेंदी लावली का गं मंदे, आणि मी खुशाल हो म्हणून मोकळी व्हायचे. मेंदी दोन्ही हातांना लावतात, एकट्या उजव्याला नाही, एवढं एकीच्याही ध्यानात यायचं नाही. खरं सांगायची मला लाज वाटायची. गंगाखेड आणि पालमच्या मधल्या डोंगरात आमची धनगरांची वीस-बावीस घरं. दिवाळी झाली की माणसं मेंढरं घेऊन गंगेच्या काठाला उतरत, गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, आणि उतरण्याआधी सगळ्या वाडीनं डोंगरावरच्या कपारीत जाऊन भिंतीवर हात उमटवायचा अशी रीत होती. हे त्या पोरींना कळलं असतं तर दहावी होईपर्यंत त्यांनी मला सुखानं एसटीत बसू दिलं नसतं.

आमचं घर म्हणजे मातीच्या छताचं दोन खणांचं माळवद आणि पुढं मेंढरांचं वाघूर, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण. मेंढरांच्या घरात कधी शांतता नसते. कोकरू आईला हाक मारतं, आई तिसऱ्याच कोकराला हुंगत असते, कुत्रं दोघांवर भुंकतं, आणि या सगळ्यावर आवाज चढवून आमची माय आबांशी बोलत असे. त्यामुळे आमच्या घरातले सगळे जण आजही फोनवर ओरडून बोलतात. परभणीत माझ्या शेजारच्या बाईंना सुरुवातीला वाटायचं, आमच्यात रोजच भांडण चाललंय. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, संध्याकाळी तीच भाकरी आणि येसराची आमटी. सणाला धपाटे. मायच्या हातचे धपाटे पातळ आणि कडेला कुरकुरीत असत, आणि ते करताना ती कुणालाही चुलीजवळ फिरकू देत नसे. भाकरीचा वास आणि ओल्या लोकरीचा वास मला अजूनही वेगळे करता येत नाहीत.

कपार घरापासून अर्ध्या तासाच्या चढावर होती. डोंगराच्या पोटात आत गेलेली लांबट जागा, वर खडकाचं छत, खाली शंभरेक मेंढरं पावसात उभी राहतील एवढी जमीन. मागच्या भिंतीवर उंचावर वशिंडाचे बैल, हरणं, आणि हातात हात घालून नाचणाऱ्या माणसांची एक लांब रांग होती. रांगेच्या शेवटी एक मोठं जनावर होतं. आबा म्हणत तो वाघ, माय म्हणे ते आपलं कुत्रं. यावरून दोघं दरवर्षी नव्यानं भांडत. त्याच्या खाली मधोमध जिवंत माणसांचे हात. आपला हात कुठला हे वाडीतल्या आंधळ्या माणसालाही चाचपडून कळायचं.

या कामाला हात उजळणं म्हणत. डोंगरातलीच तांबडी काव आणायची, पाट्यावर वाटायची, तिच्यात बाभळीचा डिंक आणि मेंढीचं दूध घालून खळ करायची. मग प्रत्येकानं आपल्या गेल्या वर्षीच्या हातावर नवा हात ठेवायचा. वरची बैल-हरणं उजळायचा मान घरात आलेल्या नव्या सुनेचा. दगडांच्या उतरंडीवर उभी राहून ती बोटानं जुन्या रेघेवरून रेघ ओढायची आणि खाली सगळी वाडी तिची थट्टा करायची. शिंग वाकडं झालं की सासरा म्हणणार, बैल बिघडला, सून माहेरी पाठवा. ही चित्रं पहिल्यांदा कुणी काढली असं मी एकदा आबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "पहिल्यांदा असं काय नसतंय. आपण उजळायचं." शाळा शिकणाऱ्या मला ते उत्तर अडाणीपणाचं वाटलं होतं.

भिंतीच्या उजव्या बाजूला, अगदी खाली, थोरल्यांचा कोपरा होता. थोरले म्हणजे होऊन गेलेली माणसं. लेकरू वर्षाचं झालं की त्याचा पहिला हात या कोपऱ्यात उमटवायचा, म्हणजे थोरल्यांना नातवंड दाखवायचं. पुढच्या दिवाळीपासून त्याचा हात वर, जिवंत माणसांत. पहिला हात मात्र पुन्हा कधी उजळायचा नाही, पुसायचा नाही, त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. पिढ्यान् पिढ्यांचे ते इवलेसे हात एकावर एक बसले होते. वरचे तांबूस, त्यांच्याखालचे विटकरी, त्यांच्याखालचे खडकाच्याच रंगाचे झालेले. जोवर पहिला हात दिसतो तोवर लेकरू थोरल्यांच्या मांडीवर असतं, अशी समजूत.

माझ्या पाठची गोदी तिचा पहिला हात उमटवल्यानंतर दुसरी दिवाळी बघू शकली नाही. जुलाबानं दोन दिवसांत गेली. तिचा फोटो नाही, तिचं झबलं तिच्याबरोबरच गेलं. मायजवळ त्या कोपऱ्यातला एक पंजा तेवढा राहिला, रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, करंगळी नीट न उठलेला. दरवर्षी सगळे खाली उतरले तरी माय तिथंच टेकून बसायची. हात लावायचा नसतो, म्हणून दोन्ही हात मांडीत धरून नुसती बघायची. कुणी विचारलं, लेकी किती, तर म्हणायची, "दोन. एक शाळेत जाती, एक थोरल्यांच्या मांडीवर हाय." मला त्याचा राग यायचा. शाळेत जाणारीकडे ती एवढं टक लावून कधी बघत नसे.

मी दहावीत गेले त्या पावसाळ्यात डोंगर खडीच्या ठेक्यात गेला. आधी दोन माणसं आली, कपारीच्या कपाळावर चुन्यानं फुल्या मारून गेली. मग समजलं की सुरुंग लावून डोंगर फोडणार, खाली रस्त्यालगत खडीचं यंत्र बसणार. आबा तीन वेळा तालुक्याला जाऊन आले. डोंगर सरकारचा, तुमचा कागद काय, असं तिथं विचारत. आबांजवळ कागद कुठला असणार? वाडीतली निम्मी माणसं म्हणाली, यंत्रावर मजुरी तरी मिळेल. मायनं मात्र भाकरी निम्म्यावर आणली आणि रोज एकदा डोंगर चढून यायला लागली. एकदा आबा चिडून म्हणाले, "रोज जाऊन काय राखायलीस तिथं?" ती म्हणाली, "माझी गोदी हाय तिथं. सुरुंग लावल्यावर ती कुठं जाईल, तेवढं सांगा मला." आबा उठून मेंढरांकडे गेले.

वाट मी काढली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढं काय झालं ते वाचल्यावर कुणी तसं समजणारही नाही. इतिहासाच्या गुरुजींनी वर्गात एकदा सांगितलं की जुनी लेणी, जुनी चित्रं असलेल्या जागेला कायद्याचं संरक्षण असतं. मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि पहिल्यांदाच कपारीबद्दल सांगितलं. गुरुजी खडू हातात धरून ऐकत राहिले. म्हणाले, "जुनी आहेत असं सिद्ध झालं तर डोंगराला कुणी हात लावू शकणार नाही. अर्ज कर." पुरातत्त्व खात्याचा पत्ता त्यांनीच दिला. मी ताव आणला, समास आखला, आणि माझ्या सगळ्यात वळणदार अक्षरात लिहिलं. आबांनी खाली अंगठा उठवला. "दरखास्त जोरदार झाली," ते म्हणाले. मायनं तो कागद हातात घेतला, वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत बघितला आणि मला जवळ ओढून माझ्या केसांचा वास घेतला. असं तिनं मी मोठी झाल्यावर कधीच केलं नव्हतं.

मधल्या काळात तुळशीची लग्नं लागली आणि लगेच दादाचं लग्न झालं. वयनी पिंगळीची, रुळाशेजारी वाढलेली. तिच्या माहेरी चार शेळ्या आणि मजुरी. गाडीच्या आवाजावरून ती मालगाडी की पॅसेंजर ते सांगायची, आणि आमच्याकडे गाडी नसल्यामुळे पहिले काही दिवस तिला झोपच लागेना. तिचं नाव रुक्मीण. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी, पण मला 'वन्स' आणि 'तुमी' म्हणायची. त्या वर्षी हात उजळणं लग्नाच्या आधीच उरकलं होतं, म्हणून कपारीची रीत तिनं पाहिलेली नव्हती. लग्नानंतर दादा मेंढरं घेऊन गंगेच्या काठाला गेला. घरात आबा, माय, वयनी आणि मी.

दहावीची परीक्षा तोंडावर आली असताना पत्र आलं. चार दिवसांनी साहेब पाहणीला येणार. आबांनी ते माझ्याकडून पाच वेळा वाचून घेतलं. "मुआयना व्हणार!" ते वाडीभर सांगत फिरले. आणि मग आमच्या घरानं तेच केलं जे पाहुणा येणार म्हटल्यावर कुठलंही घर करतं. आबांनी वाटेवरचे काटे तोडले. मायनं धपाट्यांसाठी पीठ काढलं. कपारीची जमीन आम्ही शेणानं सारवली. आणि चित्रं उजळायची ठरली. साहेब एवढ्या लांबून येणार आणि त्याला तीन महिन्यांची उडालेली काव दाखवायची? कुणाच्या मनातसुद्धा दुसरा विचार आला नाही. देवाकडे माणूस येणार तर देवाला शेंदूर नवा हवा.

रंगाची अक्कल मात्र माझी. पालमच्या दुकानातून मी ऑइलपेंटचे दोन डबे आणले, लाल आणि पांढरा, आणि एक ब्रश. एसटीत ते मांडीवर धरून बसले होते. आबांनी डबा हुंगला. "काव बरी हाय गं. ही आपली न्हाई."

"आबा, काव हातानं पुसली जाती. साहेबाला पक्कं दिसायला पायजे."

"तू शिकलेली," आबा म्हणाले. "तुला ठावं."

वयनी दगडांवर चढली आणि जुन्या रेघांवरून ब्रश फिरवू लागली. आबा एकदा येऊन बघून गेले, खूष झाले, एक शिंग वाकडं आहे म्हणाले. दुपारपर्यंत बैल असे चमकू लागले की डोळे दिपावेत. मी त्यांना पांढरी कड दिली. खोटं कशाला बोलू, मला ते फार सुंदर दिसलं.

मध्यंतरी माझ्या भाच्यानं, दादाच्या थोरल्या मुलानं, मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखवली. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी, अंगाला राख लावलेले, खडकावरची त्यांच्या वाडवडलांची चित्रं ओल्या रंगानं पुन्हा काढत होते. सांगणारा माणूस सांगत होता की त्यांच्यात चित्र ताजं ठेवणं म्हणजेच ते राखणं, आणि बाहेरच्या लोकांना हे समजायला फार काळ लागला. एक म्हातारा रंग तोंडात धरून भिंतीवर फुंकत होता. त्याचा हात अगदी आबांच्या हातासारखा होता, सांधे फुगलेले. भाचा म्हणाला, "आत्या, रडायलीस कामून?" मी म्हणाले, स्क्रीन बारीक आहे, डोळे दुखले.

आता त्या दुपारचं. वयनी खाली पाणी आणायला गेली होती. मी एकटी होते आणि माझी नजर थोरल्यांच्या कोपऱ्याकडे गेली. पावसाळ्यात मेंढपाळ तिथं जाळ करत, त्याची काजळी बसली होती, शेळ्या अंग घासत त्याचा तेलकट थर चढला होता. वर चमकणारे बैल आणि खाली ही घाण. साहेब काय म्हणेल? मला रीत ठाऊक नव्हती असं मी म्हणू शकत नाही. चांगली ठाऊक होती. मी मनाशी म्हणाले, हातांना लावायचंच नाही, नुसती कडेची काजळी काढू. नारळाची शेंडी, धुण्याचा सोडा आणि सारवणातून उरलेलं पाणी घेऊन मी बसले. पाणी लागलं तसे काजळीखालचे हात एकदम ठळक झाले. कितीतरी हात, मी कधी पाहिलेच नव्हते एवढे, एकाखाली एक, आत आत. आणि त्यांत गोदीचा, न उठलेल्या करंगळीचा, अगदी स्पष्ट. मला आनंद झाला. वाटलं, माय बघेल तेव्हा वेडी होईल. म्हणून मी आणखी जोर लावला. शेंडीतून तांबडं पाणी निथळत होतं, ते मला काजळीचंच वाटलं. हात दुखले तेव्हा थांबले. ऊन कपारीत आलं, भिंत वाळली, आणि भिंतीवर काही नव्हतं. काळा खडक, स्वच्छ, घासलेल्या तव्याच्या पाठीसारखा.

मी ओल्या बोटांनी खाली सांडलेलं पाणी गोळा करायचा प्रयत्न केला. ते शेणात मुरलं होतं. मग बाहेरून बाभळीची एक फांदी ओढून आणली आणि कोपऱ्याला आडवी लावली. वयनी घागर घेऊन आली तेव्हा मी म्हणाले, शेळ्या आत शिरतात, म्हणून लावली. तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. तरुण होते, टोपी घातलेली, चढून चढून लालबुंद झालेले, पण बोलायला चांगले. अर्धी वाडी बरोबर होती. माय डोक्यावर धपाट्यांची टोपली घेऊन चढली, त्या दिवशी तिनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. साहेब भिंतीसमोर उभे राहिले. मग पुढं होऊन त्यांनी बैलाच्या पायावर नख घासलं. नखात लाल पापुद्रा आला.

"हे कधी रंगवलंय?"

आबा छाती पुढं काढून म्हणाले, "कालच, साहेब. तुमी येणार म्हणून सगळं नवं केलं."

"पण जुनं कुठाय?"

"हेच जुनं."

"बाबा, हा ऑइलपेंट आहे."

"रंग नवा हाय, बैल जुना हाय. माझ्या बापानं उजळला, त्याच्या बापानं उजळला. दरसाल उजळतो आमी."

साहेबांनी टोपी काढली. ते चिडले नव्हते, ते घाबरल्यासारखे दिसत होते. "मला तुमची रीत कळतेय," ते म्हणाले. "मी लिहीनही. पण रीत लिहून डोंगर थांबत नाही हो, जुनेपणाचा पुरावा लागतो. या रंगाखाली आता काही मिळेल असं वाटत नाही. तुम्ही कधीच रंगवली नाही, पुसली नाही अशी एखादी जागा आहे का? हाताएवढी असली तरी चालेल."

आबांचा चेहरा उजळला. "हाय की! थोरल्यांचा कोपरा. तिथं आमी बोटबी लावत न्हाई. लय जुनं हाय साहेब, एकाखाली एक, मोजता यायची न्हाईत." आणि ते भराभर चालत गेले. त्यांनी फांदी ओढून बाजूला केली.

मी त्या क्षणाबद्दल आयुष्यभर विचार केला आहे, आणि दरवेळी मला आबांची पाठच आठवते. ते वाकलेले होते आणि वाकलेलेच राहिले. साहेब त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मग माय गेली. तिनं टोपली खाली ठेवली, गुडघे टेकले आणि जन्मात पहिल्यांदा त्या भिंतीला हात लावला. एक हात, मग दोन्ही. ती चाचपत होती.

"कुणी धुतलं?" ती वळून म्हणाली.

तिची नजर एकेकावरून फिरली.

"कुणी धुतलं माझं लेकरू?"

आणि मी म्हणाले, "वयनीनं."

वयनी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हाताला कोपरापर्यंत लाल रंग होता, आदल्या दिवशीचा, रॉकेलनंही न निघालेला. तिनं तोंड उघडलं, मग मिटलं. नवी सून, चार माणसांत, सरकारी माणसासमोर, नणंदेला खोटं पाडणार कशी? माझ्या आताच्या वयात मला हे सोपं दिसतं. तेव्हा मात्र मी देवाला हात जोडत होते की ती गप्प राहो. ती गप्प राहिली. माय तिला म्हणाली, "मांडीवरनं उठवलंस गं माझ्या लेकराला." एवढंच. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

साहेबांनी धपाटे खाल्ले, कारण आबांनी आग्रह केला. जाताना त्यांनी भरलेला कागद मी वाचला. 'अलीकडील रंगकाम. प्राचीन अवशेष आढळले नाहीत.' अक्षर माझ्याहून चांगलं होतं. आबा त्यांना जीपपर्यंत पोचवायला गेले आणि वाटभर सांगत राहिले की पुन्हा या, दिवाळीला या, तेव्हा कावेनं करतो.

उन्हाळ्यात सुरुंग लागले. वाडीतल्या माळवदांची माती आमच्या ताटांत पडायची. पहिल्याच आठवड्यात कपारीचं छत खाली आलं. माय दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगाऱ्यात गेली आणि दगड उलटे करून बघू लागली. आबांनी, मी आणि वयनीनं तिला धरून आणलं. तिनं माझा हात धरला आणि वयनीचा झटकला. एका दगडाला लाल ऑइलपेंट होता, ढवळा काठ दिलेला, तो मी पायानं मातीत लोटला. माझा दहावीचा निकाल त्याच महिन्यात लागला आणि वाडीत पास झालेली मी पहिली पोर म्हणून आबांनी पेढे वाटले. त्यातला एक पेढा मी खाल्ला, हेही लिहून ठेवते.

पुढं डोंगर उरला नाही तशी वाडीही उठली. कुणी पालमला गेलं, कुणी गंगाखेडच्या साखर कारखान्याकडे. दिवाळीनंतर हात उजळणं बंद झालं. एका वर्षी आबांनी नव्या घराच्या भिंतीवर काव लावून हात उठवला, आणि घरमालकानं तो चुन्यानं पुसायला लावला. मी शिक्षिका झाले, परभणीत स्थिरावले, मुलांना इतिहास शिकवला. मायनं वयनीच्या हातचं पाणी घेणं त्या दिवसापासून सोडलं ते कित्येक वर्षं. वयनीला चार लेकरं झाली, प्रत्येक बाळंतपणात मायनं दुसऱ्या बाईला बोलावलं, स्वतः खोलीत पाऊल टाकलं नाही. सणाला मी माहेरी गेले की माय मला जवळ घेऊन जेवायची आणि वयनी वाढून मागं व्हायची. एकदाही वयनीनं मला एकटीला गाठून विचारलं नाही. मी दर खेपेला ठरवून जायचे, या वेळी मायला सांगायचं. आणि दर खेपेला साडी-चोळी घेऊन परत यायचे.

माय पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, ती गोष्ट गेल्या वर्षीची. आबा त्याआधीच गेले होते. तिचं सगळं अंथरुणात आणि ते करायला वयनीच. तेव्हा कुठं तिला वयनीच्या हातचं खावं लागलं, दुसरं कोण होतं? मी निवृत्त बाई, सुट्टीचा प्रश्न नव्हता, आठ दिवस राहायला गेले. चौथ्या दिवशी सकाळी दादा बाजाराला गेला होता, वयनी चुलीशी होती. मी मायचे केस विंचरत होते आणि काही न ठरवता माझ्या तोंडून निघून गेलं, "माय, तो कोपरा मी धुतला होता. वयनीनं न्हाई."

ती छताकडे बघत होती. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. तुझ्या नखात काजळी व्हती."

माझा कंगवा थांबला. "मग वयनीवर एवढी वरसं..."

"ती परक्याची लेक," माय म्हणाली. तिचा आवाज अजूनही मेंढरांवर चढवायचा तसाच, अख्ख्या घरात ऐकू जाणारा. "तिच्यावर राग धरता येत व्हता. तुझ्यावर धरला असता तर मला एकबी लेक उरली नसती."

वयनी दारात उभी होती, हातात माडग्याची वाटी. किती वेळ उभी होती ठाऊक नाही. तिनं वाटी माझ्याजवळ खाली ठेवली. "वन्स," ती म्हणाली, "मला वाटत व्हतं, म्हातारीला खरंच वाटायलंय की मी केलं. लेकरू गेलेल्या बाईचं दुखणं हाय, म्हणून सोसलं." मग पदरानं हात पुसले, चप्पल घातली आणि एसटीच्या रस्त्याला लागली. मी दारापर्यंत धावले, दोन हाका मारल्या. ती वळली नाही.

आत येऊन मी चमचा भरला आणि मायच्या ओठांशी नेला. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. "रुक्मीणला बलाव," ती म्हणाली.